सोयऱ्यांसाठी होम थिएटर

रविवार, ४ मे

निर्णय झाला. वरच्या खोलीत होम थिएटर करायचं. पडदा, प्रोजेक्टर, मागच्या रांगेसाठी उंच प्लॅटफॉर्म, त्यावर रिक्लायनर, आणि बाजूला छोटासा बार. 'बार' हा शब्द घरात अजून उच्चारलेला नाही. सध्या 'काउंटर'.

कारण, मृणालीचं जमतंय. मुलगा निकेत म्हात्रे, पेणकडचा, तिच्याच ऑफिसातला. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय, आता मोठ्यांनी घर बघायचं तेवढं राहिलंय. सोयरे श्रावणात येणार. भिंती काय, सगळ्यांच्याच घराला असतात. तीन ट्रेलरचा मालक हितेश काळूराम घरत याच्या घरात त्यापेक्षा काहीतरी जास्त दिसायला हवं.

भाविकाला सांगितलं. ती मांदेली साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, की आधी मोरीतला नळ गळतोय तो बघा. बायकोला व्हिजन नाही.

मंगळवार, ६ मे

मृणालीचा मुंबईहून फोन. थिएटरचं सांगितलं नाही. सरप्राइज.

तिनंच एक सांगितलं. निकेतचे वडील दारूपायी गेले. तेव्हा तो शाळेत होता. घर त्याच्या आजीनं, वेणूबाईनं, ओढलं. माळकरी माणसं. त्यांच्या गावात हळदीला दारू बंद, तसं गावानंच ठरवलंय. घरात शेवटचा शब्द वेणूबाईचा. पोरगी म्हणाली, 'पप्पा, तुझ्याकडं एकच मागतंय. ते येतील तवा घरात बाटली दिसाला नको.'

वाईट वाटलं. भला माणूस असणार. पण काही लोकांना प्रमाण कळत नाही, त्याला कोण काय करणार? मी स्वतः पीत नाही. म्हणजे घेतो, पण ते पिणं नव्हे.

नीट विचार केला. बाटली दिसायला नको. बरोबर. आत्ता बाटल्या कुठे आहेत? फ्रिजवर, कपाटावर, गाडीच्या सीटखाली. म्हणजे दिसतात. शटरवाला बार केला, की एकही दिसणार नाही. थोडक्यात, बार ही मृणालीचीच गरज आहे. मुलीसाठी बाप काय काय करतो!

शुक्रवार, ९ मे

मुझम्मिलला काम दिलं. मूळचा बोर्ली पंचतनचा, बरीच वर्षं दुबईत इंटिरियरची कामं करून आलेला. मी कागदावर काढलेलं डिझाइन दाखवायला गेलो तर म्हणाला, 'शेठ, मेरेको मत दिखाव. मी दुबईत आठ थिएटर ठोकलेत.' असा माणूस हवा.

काउंटरची गोष्ट काढल्यावर जरा थांबला. म्हणाला, लाकडाचं काम आहे, करून देतो, वर काय ओताल ते तुमचं तुम्ही, मला सांगू नका. मी म्हटलं, सरबत. तो म्हणाला, 'बेस.' दोघांचंही समाधान झालं.

प्लॅटफॉर्म त्याच्या मते फूटभर पुरे. मी दोन फूट म्हटलं. सोयरे उंच बसले पाहिजेत.

बुधवार, १४ मे

सांगाडा तयार. वर फळी टाकून उभा राहिलो. डोकं पंख्यात गेलं. पंखा बंद होता हे माझं नशीब, आणि भाविका दारात उभी होती हे माझं दुर्दैव. ती म्हणाली, की सोयऱ्यांचं डोकं फुटलं म्हणजे जमलेलं मोडायला दुसरं कारण शोधायला नको.

पंखा काढून टाकला. तसाही थिएटरात पंखा शोभत नाही. एसी लावू.

रविवार, १८ मे

नवी अडचण. प्लॅटफॉर्मवर चाललं की पोकळ ढबढब आवाज येतो. तमाशाचा फड वाटतो. मुझम्मिल म्हणाला, दुबईत आतमध्ये वाळू भरतात, सगळा आवाज मरतो. शेखच्या घरात त्यानं स्वतः भरली होती.

वाळू! समोर एवढा समुद्र असताना वाळूला काय तोटा? माणसं लावून गोण्या भरून आणल्या. गच्चीवर पसरल्या. कडक ऊन आहे, दोन दिवसांत खडखडीत होईल. त्यातून एक लहानशी कुर्ली निघाली आणि पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसली. शुभशकुन धरला.

भाविका गच्चीवर आली. म्हणाली, 'अवो, खाऱ्या वालूत मीठ हाय. पावसाल्यात पानी सुटंल.' मी हसलो. माझ्या आज्यानं मिठागर केलं, बापानं मिठागर केलं, मी शाळेच्या सुट्टीत मिठाच्या राशी ओढल्या. मला मीठ शिकवते! मिठाला आम्ही ओळखतो आणि मीठ आम्हाला ओळखतं. घरच्या माणसाला ते त्रास देणार नाही.

रविवार, १ जून

प्लॅटफॉर्म पूर्ण. आत वाळू ठासून भरली, वर प्लाय, वर मरून रंगाचा गालिचा. चालून बघितलं. आवाज नाही! मुझम्मिल म्हणाला, असं काम त्यानं दुबईतल्या दहा थिएटरांत केलंय. आठ होती ना? असो. माणूस नम्र असतो, आधी कमी सांगतो.

काउंटर प्लॅटफॉर्मलाच ठोकून घेतला. एकच पीस दिसतो. मागे शटर, आत फळ्या, वर दिव्यांची पट्टी. उंची महत्त्वाची. कोपर टेकलं पाहिजे, पण खांदा वर जाता कामा नये. हे रिकाम्या हातानं कळत नाही, म्हणून हातात एक ग्लास घेऊन तपासलं. उत्तम.

रविवार, १५ जून

घरातल्या सगळ्या बाटल्या काउंटरमध्ये हलवल्या. फ्रिज मोकळा, कपाट मोकळं, गाडी मोकळी. भाविकाला फिरवून दाखवलं, बघ, एकही दिसते का? ती म्हणाली, 'एका जागी बगल्यावर कलतंय, किती हायत त्या.' चांगलं बोलायचंच नाही असं ठरवलेलं असतं काही लोकांनी.

नियम केला. दोन सीलबंद बाटल्या लग्नात पाहुण्यांसाठी राखीव. त्यांना हात लावायचा नाही.

उंची पुन्हा तपासली. पावसाळ्यात लाकूड हलतं.

रविवार, २९ जून

गालिचा किंचित ओला लागतो. एसीमुळे असेल. खोलीत वासही आहे, ओहोटीला बंदरावर येतो तसा. माझ्या मते तो थिएटरचा प्लस पॉइंट आहे. मुंबईची माणसं रो-रो बोटीनं मांडव्याला उतरतात ती हाच वास घ्यायला. आपल्याकडे तो घरबसल्या.

सिनेमा अजून एकही बघितला नाही. आधी बैठक व्यवस्थित व्हायला हवी.

रविवार, ६ जुलै

गालिच्यावर पांढरं काहीतरी फुललंय. बोट लावून चाटून बघितलं. मीठ. शुद्ध. बापाची आठवण झाली.

उंची रोज तपासावी लागते. आजकाल दोनदा. भाविकानं विचारलं, की उंची नेमकी जेवणाच्या आधीच का तपासायची असते? मी म्हटलं, जेवणानंतर माणूस जड होतो, माप चुकतं. तिला पटलं असावं. ताटं घ्यायला गेली.

गुरुवार, २४ जुलै. गटारी

मोठा बेत होता. काउंटरचं उद्घाटन, चार मित्र, वजडी, कोलंबी. कोणी आलं नाही. एकाला डॉक्टरनं सांगितलंय. दुसरा म्हणाला, तुझ्याकडे बसलं की उठता येत नाही. बाकीच्यांनी फोन घेतले नाहीत. थिएटरचा हेवा, दुसरं काय! आपल्या माणसाचं वर आलेलं आपल्याच माणसाला बघवत नाही.

उद्यापासून श्रावण. उघडलेलं ठेवून चालणार नाही. वाया घालवणं हे पाप. म्हणून एकट्यानं जबाबदारी घेतली.

सीलबंद दोन तशाच आहेत. शटर ओढलं, कुलूप लावलं. संकल्प: श्रावणभर स्पर्श नाही.

शनिवार, २६ जुलै

श्रावणाचा दुसरा दिवस. एकदम हलकं वाटतंय. हात जरा थरथरतो, हवा दमट आहे.

एक विचार आला. सोयरे पुढच्या रविवारी येणार. त्या दोन बाटल्या घरात ठेवणं म्हणजे मृणालीच्या शब्दाला बट्टा. त्या बाहेर काढायलाच हव्यात. फक्त त्यासाठी शटर उघडायला गेलो.

शटर हलत नाही. कुलूप निघालं, पण लाकूड फुगून बसलंय. दोन्ही हातांनी ओढलं. काउंटर हलला, प्लॅटफॉर्म करकरला, शटर ढिम्म.

सोमवार, २८ जुलै

मुझम्मिलला फोन. तो बोर्लीला, पुतणीचं, हफ्साचं लग्न आहे. म्हणाला, 'इन्शाल्ला, परसों.' मी म्हटलं, शटर फुगलंय. तो म्हणाला, दुबईत असं कधी झालं नाही. बारा थिएटरं झाली, एकाचंही शटर फुगलं नाही. मी विचारलं, तिथे वाळू कुठली भरायचास? तो म्हणाला, 'रेगिस्तान की. समुंदर की कौन भरेगा, शेठ?'

हे त्यानं मे महिन्यात सांगायला हवं होतं.

झोप लागत नाही. शटरची काळजी.

बुधवार, ३० जुलै

खोबरेल तेल सोडलं, पेचकस घातला, लाथ मारली. अंगठा सुजला. भाविका खालून कोयता घेऊन आली. म्हणाली, 'फोरून टाका. पोरीच्या जल्माचा परश्न हाय.' मी म्हटलं, सोयरे फुटका काउंटर बघतील ते चालेल? पॉलिश बघ जरा! ती म्हणाली, मग मी फोडते. मी आडवा उभा राहिलो.

 ती कोयता तिथंच ठेवून खाली गेली. आज ताट वाढून ठेवलं होतं, पण शेजारी बसली नाही.

एक अर्थी हे बरंच झालं. बाटल्या आत, शटर बंद, देवालाही उघडता येणार नाही. यापेक्षा सुरक्षित काय असतं? दिवसभर मनाला हेच सांगतोय. छातीत धडधडतं ते चहा जास्त झाल्यामुळे.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मृणाली आली. थिएटर दाखवलं. वाटलं होतं, गळ्यात पडेल. ती दारातच उभी राहिली. आधी गालिच्याकडे बघितलं, मग प्लॅटफॉर्मकडे, मग काउंटरकडे, आणि तिथंच बघत राहिली. विचारलं, 'आत काय हाय, पप्पा?' म्हटलं, ग्लास. सरबताचे.

ती म्हणाली, 'माझ्याकडं बगून सांग.'

तिच्याकडे बघून सांगितलं. ग्लास आहेतच की आत. खोटं काय बोललो? ती 'बरं' म्हणाली आणि खाली गेली. केवढा विश्वास आहे पोरीचा!

शनिवार, २ ऑगस्ट

मुझम्मिल आला नाही. परसों कधीच होऊन गेला.

पण डोकं चालवलं. काउंटरवर विठोबाची मोठी तसबीर ठेवली. तुळशीचा हार. समया. दिव्यांची पट्टी मागून सोडली, तर तसबिरीला प्रभावळ आली. बार शोधून सापडणार नाही. माळकरी माणसं, खूश होतील. भाविकानं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. तसबिरीला जोडले की मला, ते कळलं नाही.

उद्या. रिक्लायनरवर वेणूबाई, शेजारी निकेतची आई पूनम. पुढे निकेत. बाकी एखाददुसरं माणूस. पाच मिनिटं एखादी सुंदर फिल्म, धबधबे वगैरे, की सगळं ठरलं. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलोय.

रविवार, ३ ऑगस्ट. सकाळ

आले. गाडी नाही, टेम्पो. घर बघायला म्हणून वेणूबाईनं आख्खं भजनी मंडळ आणलंय, श्रावणाचा रविवार आहे म्हणून. टाळ, पखवाज, अर्धी भावकी. भाविका भाताचं मोठं टोप काढतेय. मला आमटीत पाणी वाढवायला सांगितलंय. लिहायला वेळ नाही. हात पुसून वर जातो.

तोच दिवस, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगायला नको.

सुरुवात उत्कृष्ट. वेणूबाई सावळी, काटक म्हातारी, गळ्यात माळ. जिना एकटीनं चढली. प्लॅटफॉर्म बघितला, वर विठोबा बघितला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, 'बाय माझे! भजनासाटी घरान चवथरा बांधलाय यानी. आशी मानसं आता कुठं रायली?' मी मान खाली घातली. अशा वेळी बोलू नये. मृणाली माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. दोन-तीन महिन्यांतलं सगळ्यात सुंदर असं काही असेल तर ते.

मग वेणूबाई म्हणाली, बसा गं सगल्या. मी सांगायला गेलो, की रिक्लायनर दोनच आहेत. तोवर ते भिंतीकडे ढकललेसुद्धा. आख्खं मंडळ प्लॅटफॉर्मवर. जागा न मिळालेले कडेला टेकले. पखवाज सुरू.

बसून म्हणतात तोवर ठीक होतं. मीही टाळ्या वाजवत होतो. एक डोळा शटरवर. मग रंग चढला आणि बाया उभ्या राहिल्या. पावली घ्यायला लागल्या. उजवा पाय, डावा पाय, एकदम. मला खालून एक आवाज आला, चिखलातून पाय ओढल्यासारखा. दुसऱ्या कोणाला आला नाही. मी भाविकाकडे बघितलं. तिलाही आला होता.

थांबा म्हणायला हवं होतं का? काय कारण सांगणार? देवाचं नाव चाललेलं.

पुढची फळी सुटली. ओली वाळू ढसाढसा बाहेर आली. त्या कडेनं प्लॅटफॉर्म खाली बसला, आणि त्यालाच ठोकलेला काउंटर पुढे वाकला. पूनमनं झेप घेऊन तसबीर धरली म्हणून विठोबा वाचले. कोणाला लागलं नाही. हे मुद्दाम लिहितो, एकाही माणसाला खरचटलं नाही. आणि जे शटर पेचकसाला, तेलाला, लाथेला बधलं नव्हतं, ते सरळ सुटून खाली आलं.

बाटल्या निघाल्या. एकामागून एक. उतार असल्यामुळे थांबेनात. बायांच्या पायांमधून, टाळांवर आपटत, दारापर्यंत. मला माहीत होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि सगळ्या रिकाम्या. सीलबंदसुद्धा. म्हणजे ज्या सीलबंद होत्या त्या.

मी म्हटलं, पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या.

वेणूबाईनं पायाशी आलेली एक उचलली. उलटी धरली. थेंब पडला नाही. म्हणाली, 'पावन्यांसाटी ठेवलंस, तं पावन्यांना काय ठेवलंस रे बाबा?'

कोणी हसलं नाही. मृणाली भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघतही नव्हती.

निकेतनं मात्र मन जिंकलं. खाली वाकला, कोपऱ्यातली वाळूची रिकामी गोणी घेतली आणि बाटल्या भरायला लागला. एक उभी, एक आडवी, मध्ये गोणीचा काठ दुमडून. सगळ्या भरून गोणी खाली नेली, पण एकही बाटली दुसरीवर वाजली नाही. लहानपणापासूनची सवय असावी. मुलगा कामसू आहे. मृणाली सुखी होईल.

जेवले. भजन पुन्हा झालं नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

रिकाम्या कशा झाल्या, यावर विचार केला. मुझम्मिल घेत नाही. भाविका नाही. उंची तपासताना लागलं असेल थोडंफार, पण इतकं? एकच शास्त्रीय कारण दिसतं. मीठ ओलावा ओढतं. दारू हा ओलावाच. भाविकाला समजावून सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'तुमी आयका तुमचंच, काय बोलताव ते.'

रविवार, १० ऑगस्ट

पूनमचा फोन. मी जवळच होतो, पण बोलणं भाविकाशी झालं. वेणूबाईनं सांगितलंय, पोर गुणाची आहे, बापाच्या करणीत तिचा काय दोष? लग्न तुळशीच्या लग्नानंतर. जमलं!

शेवटी थिएटरचा उपयोग झालाच. त्या निमित्तानं दोन्ही घरं जवळ आली.

आनंदाच्या भरात उंची तपासायला वर गेलो. काउंटर आडवा पडलाय, विसरलोच होतो. आडव्या काउंटरलाही उंची असते.

शनिवार, ६ सप्टेंबर

भाविका माहेरी गेली, थळला. लग्नाची तयारी तिथून सोपी पडते. शिवाय इथे वाळूचा वास. हळदही तिथंच, भावाच्या, प्रज्योतच्या दारात होणार. त्याचं अंगण मोठं आहे, हे खरं कारण. जाताना देवघरातली समई आणि दोन मोठी पातेली घेऊन गेली.

वाळू काढून प्लॅटफॉर्म नव्यानं करायचा. या आठवड्यात नक्की.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. भाविका ओवाळायला आली होती म्हणे. मी झोपलो होतो. ताट टीपॉयवर ठेवून गेली. निरांजन विझलेलं, पण सुपारी, अक्षता सगळं नीट मांडलेलं. उठवायला काय झालं होतं? माझी झोप मोडू नये म्हणून असेल. जपते अजून.

रविवार, १६ नोव्हेंबर

मृणाली आली. एकटीच. वरच्या खोलीत आली, कडेच्या फळीवर बसली. मी प्लॅटफॉर्मचा नवा प्लॅन सांगत होतो, या वेळी आत थर्माकोल. ती मध्येच म्हणाली, 'पप्पा, हलदीला ये. देवकाला तू नि मम्मी जोरीनं बसाचं. मना दुसरा कोन नको. पन तसा नको येव. तसा आलास तं मी पाटावरशी उठून जाईन.'

मी शब्द दिला. तिनं माझा हात हातात घेतला आणि थरथर थांबेपर्यंत धरून ठेवला. फार वेळ बसावं लागलं तिला. रडू आलं. ती गेल्यावर आलं, त्यामुळे चालेल.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काल नाही, आज नाही. एक थेंब नाही. घाम फार येतो. नवीन झब्बा इस्त्री करून टांगला. टोपी. बूट पॉलिश. आजच्या इतका तयार मी कधी नव्हतो. शनिवारी देवकाला बसताना भाविका शेजारी असेल, पदर माझ्या उपरण्याला बांधलेला. मृणाली समोर.

शनिवार, २९ नोव्हेंबर. सकाळ

आज हळद. काल रात्रीही नाही. हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून मीच लिहितो.

झब्ब्याची बटणं लागत नाहीत. बोटं ऐकत नाहीत. देवकाला तांब्या धरावा लागतो, नारळ धरावा लागतो. सगळ्या गावासमोर हातातून नारळ पडला तर मृणालीला काय वाटेल? अपशकुनच. तिच्यासाठीच हात स्थिर हवा.

जरा वेळाने

बटणं लागली. अगदी थोडी घेतली, औषधापुरती. खोकल्याचं औषध तरी काय वेगळं असतं?

दात घासले. लवंग चावली. बडीशेप. पुन्हा दात घासले. गाडी अंगणात काढून ठेवली आहे. प्रज्योतचा फोन आला, धवलारीण गायला बसली, हळदीचे धवले सुरू झाले, भावजी कुठं हाव? म्हटलं, निघालोच.

तोंडाला वास येतोय का, एवढंच कोणाला तरी विचारायचंय. घरात कोणी नाही. हाताची ओंजळ करून श्वास सोडून बघितला. आपला आपल्याला कळत नाही.

मृणालीचा फोन. घेतला नाही. तिला आवाजावरून कळतं.

पुन्हा तोंड धुतो. अर्ध्या तासात जाईलच वास.

दुपार

प्रज्योतनं मोबाइलवर फोटो पाठवलाय. मुहूर्त टळत होता म्हणून देवकाला तो आणि त्याची बायको बसले. खाली हळदीचा फोटो. मृणाली पाटावर, हिरव्या बांगड्या, गाल पिवळे. सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. ती एकटी बाजूला बघतेय, अंगणाच्या फाटकाकडे.

आणखी तीन फोटो आले. तिन्हींत तसंच. समोर बघ म्हणून सांगायचं नाही का त्या फोटोग्राफरनं?